तीन वर्षं ते पन्नास वर्षं, मधल्या गाडीला दार नाही: इंग्लंडहून बेळगावला परतताना एका जुन्या एमजीबीचं काय झालं

हे प्रकरण माझ्या मावसभावाचं. नाव नको म्हणाला म्हणून इथं नुसतं दादा म्हणतो, बाकी आकडे नि तारखा त्यानेच बसून सांगितल्यात. लिहायचं कारण असं की आमच्या बाजूची बरीच पोरं बाहेर आहेत, कुणी दुबईत, कुणी इंग्लंडात, तिकडं हौसेनं एखादी जुनी गाडी घेतात नि परत यायची वेळ आली की पहिला फोन हाच असतो, गाडी आणता येते काय रे. दादाच्या वेळी धावपळ मी केली, आरटीओला मी गेलो, मुंबईच्या एजंटाशी मी बोललो, त्यामुळे कुठं काय चुकलं ते मला जवळून माहिती आहे.

पार्श्वभूमी

दादाचे वडील, म्हणजे आमचे काका, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर आयुष्य काढलेला माणूस, नंतर स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं. घरात गप्पा मशीनच्याच. दादा इंजिनिअर झाला नि २०११ ला इंग्लंडला गेला, कॉव्हेंट्रीच्या बाजूला. २०१६ ला त्याने एमजीबी जीटी घेतली, ६,२०० पौंडांना.

ही गाडी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एमजीबी म्हणजे एमजी कंपनीची इंग्लिश स्पोर्ट्स कार, १९६२ ते १९८० अशी बनली, इंग्लंडातल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात. जीटी म्हणजे तिचंच छप्परवालं मॉडेल, १९६५ ला आलं, त्याच्या छपराचा आकार इटलीच्या पिनिनफरीना या डिझाइन कंपनीच्या हातचा. इंजिन १,७९८ सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर. १९७४ च्या शेवटाला अमेरिकेतल्या नियमांमुळे कंपनीने क्रोमचे बंपर काढून काळे जाड रबराचे बंपर लावले नि गाडी थोडी उंच केली, आणि शौकिनांना हे कधीच आवडलं नाही, म्हणून रबर बंपरवाल्या गाड्या तिकडं स्वस्तात मिळतात. दादाची गाडी त्यातलीच, पहिलं रजिस्ट्रेशन मार्च १९७५. फक्त आधीच्या मालकाने पुढचा-मागचा पत्रा कापून, वेल्डिंग करून तिला परत क्रोमचे बंपर बसवले होते. दिसायला फार देखणी. या वेल्डिंगकडं तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही, पुढं हेच आडवं आलं.

२०१८ ला काका-मावशी तिकडं गेले होते. दादाने बॉनेट उघडून दाखवलं नि काका म्हणाले, "अरे ही तर आपली ॲम्बॅसिडर की!" आणि ते खरंच आहे, जुन्या ॲम्बॅसिडरचं १,४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन नि एमजीबीचं इंजिन एकाच घराण्यातलं, बीएमसी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची बी सिरीज. काकांनी तरुणपणी ॲम्बॅसिडरची किती इंजिनं उघडली असतील त्याला हिशोब नाही. त्या दिवशी दोघं बापलेक दोन तास व्हॉल्व्हचा गॅप सेट करत बसले होते, मावशी अजून सांगते. त्या दिवसापासून दादाच्या डोक्यात बसलं की एक दिवस ही गाडी बेळगावला न्यायची, काकांच्या वर्कशॉपसमोर उभी करायची, रविवारी चोर्ला घाटाने गोव्याकडं उतरायचं.

अडचण

२०२३ च्या सुरुवातीला काकांची बायपास झाली नि वर्कशॉप बघायला कुणी नाही म्हणून दादा-वहिनीने परतायचं ठरवलं. सप्टेंबरची तिकिटं काढली. सामानाचं बोलणं झालं, मुलीच्या शाळेचं बोलणं झालं, आणि गाडीचं सगळ्यात शेवटी. इथंच पहिली चूक.

आपल्याकडं वापरलेली गाडी बाहेरून आणायचा नियम असा आहे की गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडं पाहिजे, आणि उतरवायची फक्त मुंबई बंदरात. दुसऱ्या टोकाला जुन्या दुर्मिळ गाड्यांना एक वाट होती, पण ती १९५० च्या आधी बनलेल्यांना. म्हणजे २०२३ ला ४८ वर्षांची एमजीबी कुठल्याच खान्यात बसत नव्हती, नवी म्हणायला फार जुनी नि व्हिंटेज म्हणायला फार नवी. घरसामान आणताना परतणाऱ्या माणसाला सवलत मिळते म्हणून गाडीही त्याच सामानात येईल असा दादाचा समज होता, मोटारगाडी तशी सामानात येत नाही, तिला वेगळी ड्यूटी नि वेगळे नियम.

त्या वेळी समोर काय काय होतं

विकणे. तिकडच्या जुन्या गाड्यांच्या क्लबातला एक म्हातारा गृहस्थ ६,८०० पौंड द्यायला तयार होता, रोख, तिथल्या तिथं. गाडी तेव्हा चालू होती, रोजच्यासारखी एका चावीत सुरू होणारी.

कार्नेवर आणणे. गाडीचा पासपोर्ट म्हणतात तसा कागद असतो, त्याच्यावर ड्यूटी न भरता गाडी सहा महिने आणता येते नि मग परत न्यावी लागते. लंडनहून रस्त्याने भारतात येणारे लोक असंच येतात. पण ते बाहेर राहणाऱ्या माणसासाठी, कायमचा परत येणाऱ्यासाठी नव्हे, आणि सहा महिन्यांनी पुन्हा जहाजाचा खर्च. हा पर्याय एका दिवसात बाद झाला.

सुटे करून आणणे. हे सुचवणारे लोक आपल्या गावात फार आहेत. इंजिन एका पेटीत, बॉडी दुसऱ्या पेटीत, स्पेअर पार्ट म्हणून सोडवून घ्यायची नि इथं जोडायची. हे सरळ सरळ कस्टमला फसवणं आहे, आणि जोडली तरी रजिस्टर होणार नाही कारण आख्ख्या गाडीचा इम्पोर्टचा कागदच नसतो. दादाने पहिल्याच फोनवर नको म्हटलं नि मला ते फार बरं वाटलं.

ठेवून येणे. गॅरेज भाड्याने घ्यायचं, तिथल्या खात्याला कळवायचं की गाडी रस्त्यावर नाही, याला तिकडं सॉर्न म्हणतात, आणि पुढं बघू.

दादाने शेवटचा पर्याय घेतला. मी तेव्हा त्याला दुजोरा दिला हे इथं नोंदवतो. "बघूया की दादा, नियम बदलतील," असं मीच म्हणालो होतो. महिना ६० पौंड भाड्याचं गॅरेज, बॅटरी काढली, टाकीत थोडं पेट्रोल, चारी चाकं जॅकवर, वरून कापड. एक मित्र चावी सांभाळणार.

दार उघडलं तेव्हा

पुढचं दीड वर्ष काहीच नाही. मग फेब्रुवारी २०२५ ला नियम खरंच बदलला. १९५० ची अट गेली नि ५० वर्षांची आली, तीही सरकती, म्हणजे दरवर्षी एकेक साल पुढं. मला रात्री अकराला दादाचा फोन आला, आवाज असा होता की मला वाटलं काकांना काही झालं. मार्चमध्ये गाडीला पन्नास पूर्ण होत होती. एका महिन्याचं अंतर.

त्याच महिन्यात बजेट झालं होतं नि व्हॉट्सॲपवर फिरत होतं की जुन्या गाड्यांची ड्यूटी १२५ टक्क्यांवरून ७० वर आली. दादाही त्या आनंदात होता. मी मुंबईच्या एजंटाला विचारलं तर त्याने शांतपणे समजावलं की ७० खरं आहे पण त्याच्यावर ६७.५ टक्के शेतीचा सेस लावलाय, आधीची १२५ नि तिच्यावरचा सरचार्ज धरून १३७.५ होत होते, आताही १३७.५ च. मग त्या सगळ्यावर जीएसटी नि त्याचा सेस. एकूण नुसती ड्यूटी गाडीच्या किमतीच्या अडीचपट. किंमत म्हणजे दादाने २०१६ ला दिलेली नव्हे, कस्टमवाले आज ठरवतील ती, आणि तिच्यात जहाजाचं भाडं नि विमा पण धरतात. (नंतर सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे टप्पे बदलले, या साइजच्या इंजिनाला ४० टक्के झाला नि वरचा सेस गेला, आकडा थोडा उतरला पण दुपटीच्या वरच राहिला.)

एजंटाने आठ लाख किंमत धरून कच्चा हिशोब दिला, वीस लाख ड्यूटी, वर कंटेनर, बंदरातले चार्जेस, ट्रकने बेळगावपर्यंत. तीस लाखांच्या घरात. शिवाय तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येत होती, त्यामुळे दिवस किती लागतील याची खात्री कुणी देत नव्हतं.

दादा तरीही तयार होता. वहिनीही तयार होती, हे मला सांगितलंच पाहिजे, कारण अशा गोष्टींत बायकोला खलनायिका करायची लोकांना सवय असते. ती म्हणाली एफडी मोडू, काकांनी ती गाडी इथं बघितली पाहिजे.

निर्णय फिरला ती जागा

पैशाने निर्णय फिरला नाही, तो फिरला दोन कागदांनी.

पहिला कागद व्हिंटेज रजिस्ट्रेशनचा. २०२१ पासून केंद्राचा नियम आहे, पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं झालेल्या गाडीला वेगळी नंबर प्लेट मिळते, राज्याचा कोड नि पुढं व्हीए, फी वीस हजार, दहा वर्षांची मुदत. इथं आरटीओत मी गेलो तर साहेबांनी नियम काढून स्वतः वाचून दाखवला, अशी केस आमच्याकडं आलेली नाही पण कागद असतील तर करू म्हणाले. मधे एकाने सल्ला दिला होता की कोल्हापूरला पाहुण्यांच्या पत्त्यावर एमएच पासिंग करा, कर्नाटकात टॅक्स जास्त. आपल्याकडं हा सल्ला प्रत्येक गाडीला मिळतो. पण व्हीए नंबरची फी केंद्राने ठरवलेली, सगळीकडं तीच, आणि राहणार बेळगावात नि पत्ता कोल्हापूरचा दाखवायचा हे चुकीचंच, तो विषय तिथं संपला.

साहेबांनी वाचून दाखवलेल्या नियमात पुढची ओळ होती की अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, अभ्यास, नि त्यासाठी लागणारं पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. म्हणजे रविवारी चोर्ला घाट नाही, काकांना बसवून खानापूरला मिसळ खायला नाही. दादाच्या स्वप्नातली प्रत्येक गोष्ट त्या एका ओळीत बाहेर पडत होती.

दुसरी ओळ त्याहून जड. गाडी मूळ रूपात पाहिजे, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नको. आणि दादाच्या गाडीचे बंपर. मूळची रबर बंपरची गाडी, पत्रा कापून क्रोमची केलेली. आम्ही स्वतःची समजूत घालत होतो की बंपर म्हणजे काही बॉडी नव्हे. मग दादाने गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून हेरिटेज सर्टिफिकेट मागवलं, त्यांच्याकडं कारखान्याच्या जुन्या नोंदी आहेत, गाडी कुठल्या तारखेला बनली, कुठला रंग, ते लिहून देतात. हा दुसरा कागद. तारीख आली डिसेंबर १९७४, म्हणजे नक्की रबर बंपरच्या काळातली. वय सिद्ध करायला मागवलेला कागद फेरफारही सिद्ध करत होता. कस्टमच्या किंवा आरटीओच्या माणसाने दोन फोटो शेजारी ठेवले तर उत्तर द्यायला आमच्याकडं काही नव्हतं, आणि वीस लाख भरून झाल्यावर तो प्रश्न आला असता तर गाडी बंदरातच अडकली असती, रोजचं भाडं चढत.

बॉडी परत मूळ करून घ्यायचा विचार झाला. तिकडच्या रिस्टोरेशनवाल्याने ४,००० पौंडांच्या वर सांगितलं.

जून २०२५ मध्ये एका रविवारी सगळे वर्कशॉपवर बसलो होतो. काकांनी सगळं ऐकून घेतलं, हेरिटेजचा कागद चष्मा लावून दोनदा वाचला. मग म्हणाले, "चालवायची नसेल तर आणून काय करायलास? मशीन उभं राहिलं की आतून खातंय त्याला." दादा काही बोलला नाही, संध्याकाळी त्याने मित्राला मेसेज टाकला, विकायची आहे.

एक मुद्दा तेव्हा कुणी काढला नव्हता पण पुढच्यांसाठी महत्त्वाचा आहे म्हणून लिहितो. आता आपल्या पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. आपल्या जिल्ह्याचं निम्मं अर्थकारण उसावर नि आता इथेनॉलवर चाललंय, त्याबद्दल तक्रार नाही, पण १९७५ च्या रबरी होज, कार्ब्युरेटरची सीलं याला टिकत नाहीत. जुनी गाडी आणायचीच असेल तर सगळी इंधनाची लाइन इथेनॉलला चालेल अशी बदलून घ्यावी लागेल, आणि तेही मूळ रूप न बिघडवता.

शेवट

मित्राने गॅरेज उघडलं तर दोन हिवाळ्यांत ओलाव्याने काम केलं होतं. पुढचे ब्रेक कॅलिपर जाम, क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली, दाराखालच्या सिलला गंज. २०२३ ला ६,८०० द्यायला तयार असलेले गृहस्थ तोवर दुसरी गाडी घेऊन मोकळे झाले होते. शेवटी ४,४०० पौंडांना गेली, एका शाळामास्तराने घेतली. बावीस महिन्यांचं भाडं १,३२० पौंड, उभ्या गाडीचा विमा वेगळा. दोन वर्षं वाट बघायची किंमत भाडं नि उतरलेली किंमत मिळून ३,७०० पौंडांच्या वर.

वेगळं काय करता आलं असतं

दादा नि मी यावर पुष्कळ बोललो. त्याचं मत, २०२३ ला विकायला पाहिजे होती. माझं तसं नाही. ठेवणं चूक नव्हतं, उभी ठेवणं चूक होती.

बघा, तिकडं ४० वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स शून्य, आणि २०१८ पासून वार्षिक तपासणीही सक्तीची नाही. म्हणजे सॉर्न करून दादाने टॅक्सचा एक पौंडही वाचवला नाही, वाचला तो फक्त चालत्या गाडीचा विमा, नि कमी किलोमीटरचा क्लासिक विमा तिकडं महाग नसतो. उलट सॉर्न असल्यामुळे गाडी रस्त्यावर काढायची बंदी झाली, मित्राला वाटलं तरी एक चक्कर मारता येत नव्हती. मित्राच्या नावाने विमा काढून महिन्यातून एकदा वीस मैल फिरवली असती तर ब्रेकही जाम झाले नसते नि क्लचही. त्या वेळी "गाडी बंद ठेवतोय तर सॉर्न" हे इतकं उघड वाटलं की कुणी हिशोबच केला नाही.

दुसरं, आम्ही सगळा वेळ एकच प्रश्न विचारत बसलो, गाडी आणता येते काय. आणल्यावर वापरता येते काय हा प्रश्न मी आरटीओत विचारला तो २०२५ च्या एप्रिलमध्ये. नियम २०२१ चा आहे, २०२३ लाही तोच होता. तो तेव्हा वाचला असता तर दार उघडायची वाटच बघितली नसती, कारण त्या दारातून दादाला हवी ती गोष्ट येणारच नव्हती. ज्याला गाडी जपायची आहे, रॅलीत उतरवायची आहे, तीस लाख घालायची ताकद आहे, त्याच्यासाठी हा रस्ता आता खुला आहे नि चांगला आहे. ज्याला चालवायची आहे त्याच्यासाठी नाही.

तिसरं, बाहेर गाडी घेतानाच, कधीतरी परत जायचं असं मनात असेल तर, फेरफार केलेली घेऊ नका. कुरूप असली तरी मूळची घ्या. आणि तारीख बघताना रजिस्ट्रेशनच्या कागदावरची पहिली तारीख बघा, विकणारा साल सांगतो त्यावर जाऊ नका. दादाची गाडी बनली १९७४ ला नि रजिस्टर झाली १९७५ ला, असा फरक पडतो नि मग एक-एक महिना मोजावा लागतो.

व्यवहार ठरल्यावर त्या मास्तरांनी विचारलं, जुनी बिलं आहेत काय, असतील तर दोनशे पौंड जास्त देतो. बिलांची फाईल दादाने २०२३ ला येताना हँडबॅगेतून आणली होती, १९८० च्या दशकापासूनच्या पावत्या, प्रत्येक मालकाच्या हाताने लिहिलेल्या. वर्कशॉपच्या कपाटात होती. काकांनी तिच्यात एक पान जोडलं, २०१८ ला व्हॉल्व्हचा गॅप किती ठेवला होता ते इंग्रजीत लिहून, खाली तारीख नि सही. ऑगस्टमध्ये मी ती फाईल हेड पोस्टातून पाठवली.